दारूखाना शाखेची लाइन

दारूखान्यात, भंगाराच्या गोदामांमागे
पतपेढीची शाखा. तिच्या पोटमाळ्यावर
राउटर, शेजारी मोडेम,
आणि दोघांवर रोज बसणारी
कापलेल्या जहाजांची तांबूस पूड.

कायमची लाइन परवडत नाही, चेअरमन मुळगावकर म्हणाले,
काम असेल तेव्हाच जोडा.
काम असेल तेव्हाच.
एवढं एक वाक्य यंत्राला कळेल असं लिहायला
मला दुपार लागली.

आधी यादी केली, कामाचं काय ते.
खातेदाराची शिल्लक. दिवसअखेरचा गोषवारा.
ड्राफ्टचा नंबर.
यातलं काही दाराशी आलं की राउटर
गिरगावच्या मुख्य कचेरीचा फोन फिरवतो.
मोडेम खाकरतो, शीळ घालतो, खरखरतो,
पलीकडचा तसाच खरखरतो,
मग एक कोडं घालतो.
आपला परवलीचा शब्द उच्चारत नाही,
ठाऊक आहे एवढंच पटवून देतो.
यात अर्धं मिनिट जातं, आणि तोवर
जिच्यासाठी हा खटाटोप सुरू झाला
ती पहिली चिठ्ठी बहुतेक वाटेतच पडलेली असते.
तिला पुन्हा यावं लागतं.

दोन मिनिटं कामाचं काही आलं नाही
की फोन खाली.

पहिलं बिल आलं. दोन महिन्यांत पाच हजार कॉल,
निम्म्याहून जास्त रात्रीचे.
मुळगावकरांनी ते टेबलावरच्या जाड बोल्टाखाली दाबलं.
'हे रात्री बोलतंय कुणाशी?'

म्हणून एक रात्र तिथेच बसलो.
वॉचमन अंकुश घागने स्टूल दिलं, कटिंग आणला.
अकरा वाजून दहा मिनिटांनी मोडेम खाकरला.
अकरा सत्तावीसला पुन्हा.
अकरा चव्वेचाळीसला घाग म्हणाला, आता झोपेल बघा.
नाही झोपला.

पडद्यावर नाव आलं : तीन नंबरचा काउंटर,
मालती पोफळेबाईंचं मशीन.
बाई मार्चात निवृत्त झाल्या.
पासबुकाचा प्रिंटर त्यालाच जोडलेला, म्हणून
बंद करायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.
दर सतरा मिनिटांनी ते गिरगावला विचारत होतं,
किती वाजले?
तिकडून उत्तर यायचं.
मग दोघं दोन मिनिटं नुसती लाइन धरून,
आणि फोन खाली.
प्रत्येक वेळी सव्वा रुपया.

मी यादीत एक ओळ वाढवली :
वेळ, बिनकामाची.

तिला मनाई केली नाही, बरं का.
कुणाच्या शिल्लकेसाठी लाइन उघडली
तर तिच्या मागोमाग वेळही जाऊ-येऊ शकते.
फक्त तिच्यासाठी दार उघडत नाही,
आणि ती आत आहे म्हणून
दोन मिनिटांची तीन होत नाहीत.
नियमच तसा आहे.

दिवाळीच्या चार सुट्ट्यांत तीन नंबरचं घड्याळ
अकरा सेकंद मागे पडलं.
पाचव्या दिवशी गॅसकटरवाला इक्बाल माहिमकर
बाराशे रुपये काढायला आला.
मोडेम खाकरला, कोडं सुटलं,
त्याची शिल्लक आली,
आणि तिच्याबरोबर फुकटात
बरोबर वेळ.
हे इक्बालला कुणी सांगितलं नाही. त्याने नोटा मोजल्या,
एक फाटकी बदलून मागितली.

बिल आता नऊशेवर आहे. मुळगावकर खूश.

परवा पंखा बदलायला गेलो तर उशीर झाला.
घाग शटरपाशी बसला होता, मांडीवर टॉर्च.
'साहेब, ते रात्री बोलायचं बंद झालं.'
म्हटलं, मीच बंद केलं.
'काय बोलायचं पण?'
किती वाजले, एवढंच विचारायचं.

त्याने बाही वर करून आपलं घड्याळ पाहिलं,
टॉर्चच्या उजेडात, नीट.
'मग मला विचारायचं की.
मी तर जागाच असतो.'